बर्फाचा मास्तर आणि मेपलची आठ झाडं

माझ्या हुद्द्याचं मराठीत भाषांतर करायचं तर 'वृक्ष-तपासनीस' असं काहीतरी होईल. सासूबाईंनी फोनवर ते ऐकलं आणि आमच्या सोसायटीत सांगून टाकलं की सून हॉलंडात फॉरेस्ट ऑफिसर आहे. मी ते दुरुस्त केलं नाही. फॉरेस्ट ऑफिसरला जीप मिळते. मला सायकल, एक रबरी हातोडा आणि कमरेला अडकवलेली मोजपट्टी मिळाली होती.

आम्ही झूटरमेरला राहायचो. नवरा पुण्याहून आयटीच्या नोकरीवर आला आणि त्याच्या मागोमाग मी कृषी पदवीची गुंडाळी घेऊन आले. डच भाषेशी बरीच झटापट केल्यावर झाडं तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीने मला ठेवून घेतलं. गणपतीला जमणारी बाकीची मराठी मंडळी सर्व्हर नाहीतर बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळायची. "वहिनी, तुमची झाडं कधी हँग होतात का हो?" हा प्रश्न मला दर गणपतीत विचारला जायचा आणि विचारणाऱ्याला तो दर वेळी नवाच वाटायचा.

काम साधं होतं. त्या देशात रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाला नंबर असतो आणि मालकालाही स्वतःच्या दारातलं मोठं झाड मनात आलं म्हणून पाडता येत नाही. खेमेंटे, म्हणजे तिथली नगरपालिका, आधी विचारते: झाड निरोगी आहे का, अजून किती वर्षं काढेल, उचलून दुसरीकडे लावता येईल का? या प्रश्नांची उत्तरं मी लिहायची. हातोड्याने खोड वाजवायचं, आवाज भरीव की पोकळ ते ऐकायचं, बुंध्याशी बुरशी शोधायची. एका गृहस्थांनी मला शेजाऱ्याच्या चेस्टनटला रोग शोधायला बोलावलं होतं. त्यांच्या गच्चीवर त्याची सावली पडायची. "झाड ठणठणीत आहे," मी म्हटलं. "नीट बघा," ते म्हणाले, "काहीतरी असेलच." रॉटरडॅमच्या एका मराठी इंजिनिअरने कढीपत्त्याची कुंडी मांडीवर घेऊन मेट्रोतून माझ्याकडे आणली. "ताई, एवढं वाचवा. घरात सगळ्यांना वाटतं मीच मारला." त्याला पाणी घालणं बंद करायला सांगितलं, आणि कढीपत्ता वाचला.

पण खरं सांगायचं तर हे सगळं अहवाल लिहिणं झालं. निर्णय दुसरेच घ्यायचे. अख्ख्या नोकरीत मी स्वतः, माझ्या जबाबदारीवर, एकच निर्णय घेतला आणि तो माझ्या कामाचा भागही नव्हता. मेपलच्या आठ झाडांना भोक कधी पाडायचं, एवढाच तो प्रश्न होता.

२००५ च्या जानेवारीत विमने, म्हणजे माझ्या साहेबाने, मला गावाबाहेरच्या एका शेतघरी पाठवलं. रस्ता रुंद व्हायचा होता आणि शेतघराच्या वाटेवरची आठ झाडांची रांग मधे येत होती. "आठवडा अकरामध्ये तोड आहे," विम म्हणाला. डच माणूस तारीख सांगत नाही, आठवड्याचा नंबर सांगतो. आठवडा अकरा म्हणजे मार्चचा मध्य. त्यानंतर पक्षी घरटी करायला लागतात, म्हणून तोडणाऱ्यांना त्याच्या आत आटपायचं असतं.

कागदावर नुसतं 'मेपल' लिहिलेलं होतं. हॉलंडात मेपल पैशाला पासरी. पण साल बघितली, गळून पडलेली पानं उचलून बघितली, आणि ही युरोपातली झाडं नव्हेत हे लक्षात आलं. ती कॅनडातली साखर-मेपल होती, ज्यांच्या रसाचा पाक करतात ती.

झाडांचा मालक हेंक, सत्तरी पार केलेला, काठीसारखा सरळ म्हातारा. तरुणपणी तो कॅनडाला गेला होता, तिथे दोन हिवाळे मेपलच्या रानात कामाला होता. वडील वारल्यावर शेती बघायला परत आला तो रोपं घेऊनच. त्याची बायको ट्रूस मला गोठ्यात घेऊन गेली. खिळ्याला लोखंडी तोट्या टांगलेल्या होत्या. मोजून आठ. झाडात ठोकायच्या, ज्यातून रस ठिबकतो त्या.

"माझ्या लग्नापासून या इथे टांगलेल्या आहेत," ट्रूस म्हणाली. "एकदाही वापरल्या नाहीत."

"का?"

"अजून नाही, अजून नाही. हाच त्याचा जप."

हेंकने मला सरळच विचारलं, "पोरी, तू झाडांची शिकलेली आहेस ना? मग सांग, या वर्षी कधी पाडू भोक? पुढचं वर्ष नाहीये."

मी मेपलचा रस जन्मात काढला नव्हता. पण मी नाशिककडची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. छाटणी केली की वेलीच्या कापलेल्या काड्यांतून पाणी ठिबकतं, ते लहानपणी जिभेवर घेतलेलं. छाटणीचा दिवस ठरवायच्या आधी वडील घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत. लवकर छाटलं तर पाऊस घड कुजवणार, उशिरा छाटलं तर बाजार गेलेला असणार. हे ओझं मला ओळखीचं होतं. म्हणून मी हेंकला 'सांगते' म्हटलं आणि घरी येऊन पुस्तकं उघडली.

मेपलचं गणित असं. रात्री पारा शून्याखाली गेला पाहिजे आणि दिवसा वर आला पाहिजे. गोठताना झाड मुळांतून पाणी ओढून घेतं, ऊन लागलं की तेच पाणी गोडी घेऊन दाबाने बाहेर येऊ बघतं. नुसती थंडी असेल तर काही वाहत नाही आणि नुसती ऊब असेल तरीही नाही. गोठलेल्या खोडात भोक पाडलं तर लाकूड तडकतं. आणि एकदा पाडलं की झाड जखम भरायला लागतं. काही आठवड्यांत भोक आतून बंद होतं. कळ्या फुगल्या की रसाला कडवट वास येतो. कॅनडात हा खेळ बरेच आठवडे चालतो. हॉलंडचा हिवाळा म्हणजे भिजलेलं फडकं. खरी थंडी कधी येईल, येईल की नाही, कोणी सांगू शकत नाही.

मी म्हटलं, एका झाडाला दोन-तीन भोकं पाडू, नाहीतरी झाडं जाणारच आहेत. हेंकने माझ्याकडे असं बघितलं की मी ते पुन्हा काढलं नाही.

"झाडं तोडायची असली म्हणून काय झालं?" तो म्हणाला. "एका झाडाला एक."

म्हणजे एकच संधी.

जानेवारीच्या अखेरीस हलकी थंडी पडायचा अंदाज आला. ट्रूस म्हणाली, आता पाडा. विमही म्हणाला, पाडून टाका, गमावण्यासारखं काय आहे? मी नाही म्हटलं. एक-दोन रात्रींच्या थंडीत वाटीभर रस मिळाला असता आणि खरी थंडी येईपर्यंत भोकं बुजली असती. हेंकला माझं म्हणणं लगेच पटलं. "अजून नाही," तो खुशीत म्हणाला. ट्रूसने आम्हा दोघांकडे बघून हात टेकले.

त्यानंतर फेब्रुवारीत पाऊसच पाऊस. मी सायकलवरून वाट वाकडी करून त्या झाडांपाशी जायची आणि फांदी वाकवून कळ्या बघायची. त्या किंचित फुगल्यासारख्या वाटायच्या. मी एका म्हाताऱ्याचा शेवटचा मोका घालवला या विचाराने मला जेवण जाईना. घरी नवऱ्याने हवामानाची दोन संकेतस्थळं उघडून ठेवली होती. एक थंडी म्हणायचं, दुसरं पाऊस.

"अ‍ॅव्हरेज काढ ना," तो म्हणाला.

"थंडी आणि पावसाचं अ‍ॅव्हरेज काय येतं?"

"चिखल," तो म्हणाला. तेवढं मात्र बरोबर होतं.

आणि महिना संपता संपता थंडी आली, ती अशी की घरातला नळ गोठला.

आता हेंकचं दुसरं रूप सांगायला हवं. तो गावचा 'आयस्मेस्टर' होता, बर्फाचा मास्तर. गावाला लागून एक खोल तळं आहे, पूर्वी जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली काळी माती, उकरून झालेलं. ते गोठलं की सगळं गाव त्यावर स्केटिंग करतं. पण लोकांना बर्फावर कधी सोडायचं आणि कधी बाहेर काढायचं, हे एकटा मास्तर ठरवतो. त्याचा शब्द शेवटचा, पाटलासारखा. हेंक पहाटे हातातल्या गिरमिटाने बर्फाला भोकं पाडून जाडी मोजायचा, टाच आपटून आवाज ऐकायचा, आणि जमलेल्या गावाला म्हणायचा, "अजून नाही." लोक चडफडत घरी जायचे. त्याच्या काळात तळ्यात कोणी बुडालं नव्हतं.

तळं उघडलं त्या दिवशी मी गेले. हॉलंडातली माणसं एरवी भेटायला तीन आठवडे आधी वेळ ठरवतात. बर्फ धरल्यावर कचेऱ्या ओस पडल्या आणि कोणीच कोणाला काही विचारलं नाही. काठावर वाटाण्याचं दाट सूप विकणारा तंबू लागला होता. लहान मुलं स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ढकलत स्केटिंग शिकत होती. मलाही कोणीतरी एक खुर्ची दिली. तिला धरून मी दहा पावलं गेले आणि तिच्यावरच बसले.

गुरुवारी अंदाज स्पष्ट झाला. शनिवार-रविवार रात्री कडाक्याच्या, दुपारी लख्ख ऊन. सोमवारपासून नैऋत्येचा वारा, पाऊस आणि पुढे थंडीचं नाव नाही. मी तळ्यावर जाऊन हेंकला गाठलं.

"शनिवारी पाडायची. दुपारी ऊन खोडावर आलं की लगेच."

त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "शनिवारी मी इथे असणार. ऊन आलं की काठाकाठाने बर्फ सुटतो. सुट्टीचा दिवस, अख्खं गाव आत असणार. त्यांना बाहेर काढावं लागेल."

"मग रविवारी?"

"रविवारी पण तेच. बर्फ वाईट होतो तोच दिवस..." आणि तो थांबला.

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. बर्फ धोक्याचा होतो त्याच दुपारी मेपलचा रस वाहतो. एकच ऊन दोन्ही कामं करतं. इतकी वर्षं दर थंडीत तो दिवस आला होता आणि दर वेळी हेंक तळ्याच्या काठावर उभा राहून लोकांना घरी पाठवत होता. जन्मभर त्याने बर्फाला भोकं पाडली, झाडांना एकही पाडलं नाही. त्याला स्वतःलाही हे आजवर असं दिसलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तुमच्या हाताखाली कोणीतरी असेल ना?"

"आहे. ऑस्ट्रियाला गेलाय. स्केटिंगला नाही, स्कीइंगला." दारात बर्फ आलेला असताना पैसे मोजून बर्फ बघायला गेलेल्या त्या माणसाला हेंकने जो शब्द वापरला तो मी इथे लिहीत नाही.

संध्याकाळी ट्रूसने मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. हेंक शाळेत असताना अशाच उन्हाच्या दुपारी त्याच्या बाकावरचा मुलगा बर्फ मोडून या तळ्यात बुडाला होता. "हेंकच्या जागी कोणीतरी तिथे उभं असल्याशिवाय तो झाडांपाशी यायचा नाही," ती म्हणाली. "बर्फ असतो तेव्हा तो माझा नवरा नसतोच."

मी विचार न करता म्हटलं, "मी उभी राहते."

हेंक घरी आल्यावर ट्रूसने त्याला ते सांगितलं, तेव्हा त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. त्या थंडीत माझं कर्तृत्व म्हणजे खुर्चीवर बसणं, ते त्याने पाहिलं होतं. मग शुक्रवारी त्याने मला तळ्याभोवती फिरवलं. काठच्या उंच गवताच्या, बोरूंच्या बेटाशी बर्फ आधी सुटतो, पुलाखाली कधीच नीट धरत नाही, बर्फ मोठ्याने कडाडला तर घाबरायचं नाही, गप्प झाला तर घाबरायचं. "बारा वाजता सगळे बाहेर. मी बारा म्हटलं की बारा. आणि एक लक्षात ठेव, समजावत बसायचं नाही. नाही म्हणायचं."

हाच विषय माझा कच्चा. आपल्याकडे कोणाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. 'बघू', 'जमवू या', 'थोडं थांबता का' असं करत करत आपण नाहीपर्यंत पोचतो, आणि समोरचा ते ओळखतो. डच माणसाला तसं ओळखायची सवय नाही.

शनिवारी बाराला मी हेंकचं नारिंगी जाकीट घालून काठावर उभी राहिले. ते मला गुडघ्यापर्यंत येत होतं. शिट्टी वाजवली आणि माझ्या सगळ्यात सभ्य डचमध्ये म्हटलं, "मंडळी, शक्य असेल तर आता हळूहळू बाहेर येता का?" मंडळींनी हात हलवून मला अभिवादन केलं आणि पुढची फेरी मारली. दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा एका बाईने मला सूप आणून दिलं. बोरूंच्या बाजूला बर्फावर पाण्याची लकेर चमकायला लागली होती, आणि तिकडेच दोन लहान मुलं खुर्ची ढकलत निघाली होती.

मग माझ्यातून आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाहेर आल्या. "ए! बाहेर या म्हटलं ना! कळत नाही का? ताबडतोब बाहेर!" हे शुद्ध नाशिकच्या मराठीत होतं. सबंध तळं थांबलं. मुलं खुर्ची सोडून काठाकडे पळाली. मग मी डचमध्ये एकच शब्द म्हटला, "नाही." आणि तो म्हणतच राहिले.

शेवटी एक उंच माणूस उरला. तो माझ्यासमोर येऊन हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्या देशात बर्फ असतो का?"

"असतो. गोळ्यात, सरबतात," मी म्हटलं. "मला बर्फातलं काही कळत नाही. हेंकने बारा म्हटलंय."

हेंकचं नाव ऐकल्यावर तो मुकाट्याने काठावर बसला आणि स्केट सोडायला लागला. मुलांनी टाकलेली खुर्ची ओढायला मी हेंकने दिलेल्या लांब काठीचं टोक पुढे केलं, तेव्हा बोरूंशी कडेचा बर्फ पापडासारखा मोडला. कोणी आत नव्हतं.

उन्हं उतरेपर्यंत मी तिथून हलले नाही. त्याच वेळी, सायकलने जरा अंतरावर, मी ठरवलेल्या दिवशी, मी ठरवलेल्या उंचीवर आठ झाडांना भोकं पडत होती आणि रस ठिबकत होता, हे मला नुसतं माहीत होतं. तो बघायची मला फार इच्छा होती. अजूनही त्याची रुखरुख आहे.

अंधारायच्या आधी हेंक आला. हातात झाकणाची किटली. आधी तळ्याला पूर्ण फेरी मारून आला, मोडलेली कड बघितली, मग विचारलं, "सगळे बाहेर?"

"सगळे."

त्याने किटलीच्या झाकणात रस ओतून माझ्यापुढे धरला. गार, पाण्यासारखा, आणि गिळल्यावर साखरेची नुसती आठवण. त्याच्या मिशीला थेंब लागला होता आणि डोळे ओले होते. थंडीने असतील, असं मी तेव्हा धरून चालले. आता तसं वाटत नाही.

रविवारीही रस चांगला आला. ट्रूसने चिप्सच्या दुकानातून आणलेल्या मेयोनेजच्या रिकाम्या बादल्या भरभरून तो चुलीवर आटवला. चाळीस बादल्यांचा एक बादली पाक होतो, तेव्हा त्या आठ झाडांचा लोणच्याची बरणी भरेल एवढा झाला. मला आणि माझ्या नवऱ्याला पॅनकेक खायला बोलावलं. सगळे हेंककडे बघत होते. त्याने सावकाश घास चावला, गिळला.

"कॅनडातला जास्त चांगला होता," तो म्हणाला आणि दुसरा पॅनकेक ओढला. ट्रूस इतकी हसली की तिला खोकला आला.

सोमवारी वारा फिरला, पाऊस आला आणि तळ्याचं पुन्हा तळं झालं. त्यानंतरच्या हिवाळ्यांत गावकऱ्यांनी बरंच आभाळाकडे बघितलं, पण तसा बर्फ काही माझ्या मुक्कामात धरला नाही.

आठवडा अकरामध्ये तोडीच्या दिवशी मला कामावर हजर राहावं लागलं. अहवाल माझा होता. झाडं निरोगी, आयुष्य भरपूर, पण उचलून लावणं शक्य नाही, असं मीच लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीला करवती थांबल्या. माणसं डबे उघडून बसली. मी मोजपट्टी घेऊन बुंध्यांपाशी गेले तर प्रत्येक बुंध्याचा काप ओला होता. खालून पाणी येत होतं, कडेने ओघळत होतं. झाड वर नव्हतं, हे मुळांना अजून कळलं नव्हतं. रस वाहताना मी बघितला तो असा.

हेंक शेजारी येऊन उभा राहिला. त्याने वाकून बुंध्याला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

"अजून गोड आहे," तो म्हणाला.

मीही बोट लावलं. होता.